आधी यंत्र, मग पुरावा

१ डिसेंबर १९०० या दिवशी लंडनच्या सेंट पीटर्स इस्पितळात पीटर फ्रेयर या आयरिश शल्यविशारदाने एका रुग्णाचे ओटीपोट उघडले, मूत्राशयात बोट घातले आणि फुगलेली प्रोस्टेट ग्रंथी तिच्या वेष्टनातून सोलून काढली. संत्र्याची साल जागच्या जागी ठेवून आतल्या फोडी काढाव्यात, तसे हे काम. फ्रेयर हिंदुस्थानातल्या वैद्यकीय सेवेत वीसेक वर्षे घालवून मायदेशी परतला होता आणि मुतखडे फोडण्यात त्याने इथेच नाव कमावले होते. पुढच्याच वर्षी, अवघ्या चार रुग्णांच्या आधारावर, त्याने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. लगेच वाद पेटला. न्यूयॉर्कच्या यूजीन फुलरने हीच गोष्ट काही वर्षे आधी केली होती आणि ती फ्रेयरच्या कानावर घातली होती रमॉन गिटेरास या दुसऱ्या अमेरिकी डॉक्टराने. श्रेय कुणाचे, यावर दोन्ही बाजूंनी भरपूर शाई सांडली. १९१२ पर्यंत फ्रेयरच्या नावावर हजार शस्त्रक्रिया जमा झाल्या होत्या.

या सगळ्या भांडणात एक प्रश्न कुणी विचारला नाही. दुसऱ्या एखाद्या उपायापेक्षा या शस्त्रक्रियेने रुग्णाचे अधिक भले झाले का? फ्रेयरला त्याबद्दल दोष देता येत नाही. रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे आणि दोन उपचारांची तुलना करायची, ही पद्धत वैद्यकात रुजली ती १९४८ च्या ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रयोगानंतर. पण पद्धत हाती आल्यावरही शल्यविशारदांचा जगभरचा शिरस्ता फारसा बदलला नाही. नवी युक्ती, मग आपल्या रुग्णांची मालिका, मग परिषदेत व्हिडिओ, मग इतरांची रीघ. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी शल्यसंशोधनाची तुलना थेट प्रहसनाशी केली. शल्यविशारद दुखावले, पण त्यांना खोडून काढणारी आकडेवारी त्यांच्यापाशी नव्हती.

प्रोस्टेट हे या शिरस्त्याचे उत्तम उदाहरण आहे. या ग्रंथीची दोन वेगळी दुखणी असतात आणि घरोघरी त्यांची गल्लत होते. एक म्हणजे वयोमानाने ग्रंथीची होणारी साधी वाढ. तिच्यामुळे लघवी अडते, रात्रीतून चार वेळा उठावे लागते. दुसरे दुखणे कर्करोगाचे. साध्या वाढीसाठी विसाव्या शतकात मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथी आतून खरवडून काढण्याची पद्धत रूढ झाली. मराठी घरांतही ती आता ‘टीयूआरपी’ याच नावाने ओळखली जाते. मग लेझर आला. ‘लेझरने केले’ म्हटले की रुग्णाला आणि त्याच्या मुलांना उगाच बरे वाटते, कारण लेझर म्हणजे नवे आणि नवे म्हणजे चांगले. ब्रिटनमधल्या सात रुग्णालयांनी ४१० पुरुषांवर थुलियम लेझर आणि टीयूआरपी यांची चिठ्ठ्या टाकून तुलना केली. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. रुग्णांच्या तक्रारी दोन्हीकडे सारख्याच कमी झाल्या, लघवीची धार जुन्या पद्धतीत थोडी जास्त सुधारली आणि इस्पितळातला मुक्काम लेझरने कमी झाला नाही.

याचा अर्थ सगळे लेझर सारखे असा नाही. न्यूझीलंडच्या पीटर गिलिंग यांनी १९९० च्या दशकात होल्मियम लेझरने ग्रंथी आतून सोलून काढण्याची पद्धत बसवली. होलेप या नावाची ही शस्त्रक्रिया म्हणजे फ्रेयरच्या बोटाचे काम पोट न उघडता करणे. गिलिंग यांच्या चमूने ती सुरुवातीपासून टीयूआरपीच्या समोर उभी करून तपासली, वर्षानुवर्षे रुग्णांचा पाठपुरावा केला आणि ती टिकली, विशेषतः मोठ्या ग्रंथींमध्ये. तरीही तिचा प्रसार धीमा राहिला. हात बसायला डझनावारी शस्त्रक्रिया कराव्या लागतात आणि तेवढा काळ शिकाऊपणा पत्करायची अनेक शल्यविशारदांची तयारी नसते. म्हणजे जिचा पुरावा चांगला, ती मागे रेंगाळली.

रोबोटच्या बाबतीत नेमके उलटे घडले.

कर्करोगासाठी संपूर्ण प्रोस्टेट काढण्याची शस्त्रक्रिया जुनी आहे, पण तिची किंमत भयंकर होती. बहुतेक पुरुष त्यानंतर लैंगिकदृष्ट्या असमर्थ होत आणि अनेकांना लघवीवर ताबा राहत नसे. १९८१ मध्ये जॉन्स हॉपकिन्सचे पॅट्रिक वॉल्श नेदरलँड्समधल्या लायडनला गेले. तिथे पीटर डोंकर हे ज्येष्ठ मूत्रविकारतज्ज्ञ मृतजात अर्भकांच्या विच्छेदनातून त्या भागातल्या मज्जातंतूंचा मागोवा घेत होते. अर्भकात हे धागे प्रौढाच्या शवापेक्षा स्पष्ट दिसतात. लिंगाच्या ताठरतेचे तंतू ग्रंथीच्या बाहेरून जातात, म्हणजे ते वाचवता येतील, हे त्या दोघांना उमगले. १९८२ पासून वॉल्श यांनी ते वाचवायला सुरुवात केली. शस्त्रक्रियेच्या इतिहासातली ही फार सुंदर गोष्ट आहे. त्यात यंत्र नव्हते, शरीररचनेचे बारीक निरीक्षण होते.

रोबोट आला तो या ज्ञानावर स्वार होऊन. ‘दा विंची’ यंत्राच्या साहाय्याने २००० च्या सुमारास फ्रँकफर्टमध्ये पहिल्या प्रोस्टेट शस्त्रक्रिया झाल्या. त्या पद्धतीला शिस्त लावली आणि तिची शाळा उभी केली ती डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या भारतीय वंशाच्या मणी मेनन यांनी. शल्यविशारद रुग्णापासून दूर एका टेबलाशी बसतो, त्रिमित दृश्य पाहतो आणि यंत्राच्या बारीक हातांनी कापतो, शिवतो. रक्त कमी जाते, घरी लवकर जाता येते, हे खरेच आहे. पण माणूस रोबोटकडे जातो तो एवढ्यासाठी नव्हे. लघवीवरचा ताबा आणि पुरुषत्व यंत्राने जास्त वाचेल, अशी त्याची समजूत असते, किंवा करून दिलेली असते. दशकभरात अमेरिकेतल्या बहुसंख्य प्रोस्टेट शस्त्रक्रिया रोबोटने होऊ लागल्या. चिठ्ठ्या टाकून केलेली नाव घेण्याजोगी पहिली तुलना आली २०१६ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून. ३२६ पुरुष, निम्म्यांची उघडी शस्त्रक्रिया, निम्म्यांची रोबोटने. बारा आठवड्यांनी लघवीचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्ही गटांत सारखी. दोन वर्षांनंतरही तसेच.

या प्रयोगावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. उघडी शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या गाठीशी दीड हजारांहून अधिक शस्त्रक्रिया होत्या. रोबोटवाल्याच्या गाठीशी रोबोटच्या दोनशेच्या आसपास. मग तुलना यंत्रांची झाली की हातांची? पण हा आक्षेप घेणाऱ्याने त्याचा पुढचा अर्थही पत्करायला हवा. न्यूयॉर्कच्या अँड्र्यू विकर्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ७२ शल्यविशारदांच्या ७,७६५ रुग्णांचा हिशेब मांडला होता. सगळ्या उघड्या शस्त्रक्रिया. ज्याच्या हातून आधी दहा शस्त्रक्रिया झाल्या होत्या त्याच्या रुग्णांपैकी सुमारे १८ टक्क्यांमध्ये पाच वर्षांत कर्करोगाची खूण परतली. ज्याच्या हातून अडीचशे झाल्या होत्या त्याच्याकडे हे प्रमाण ११ टक्क्यांच्या खाली होते. तेव्हा मुंबई-पुण्याच्या रुग्णाने ‘तुमच्याकडे रोबोट आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘डॉक्टर, तुम्ही अशा किती केल्या आणि त्यातल्या किती जणांना वर्षभरानेही पॅड लागतो’ हे विचारावे. यंत्राचे चित्र फलकावर छापता येते. या उत्तराचे येत नाही.

त्याच्याही आधीचा प्रश्न वेगळा आहे. मुळात कापायचे का? ब्रिटनच्या ‘प्रोटेक’ अभ्यासाने तो विचारण्याचे धाडस केले. फ्रेडी हॅमडी, जेनी डोनोव्हन आणि डेव्हिड नील यांनी १९९९ ते २००९ या काळात ५० ते ६९ वयाच्या ८२ हजारांहून अधिक पुरुषांची पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी केली. ग्रंथीपुरताच कर्करोग सापडलेल्यांपैकी १,६४३ जण चिठ्ठी टाकून घ्यायला तयार झाले: शस्त्रक्रिया, किरणोपचार की नुसती सावध देखरेख. अशा बाबतीत रुग्ण चिठ्ठीला तयार होणार नाहीत, असे जाणकार सांगत होते. डोनोव्हन यांनी रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातले संवाद ध्वनिमुद्रित करून ऐकले, तेव्हा अडचण रुग्णांत कमी आणि डॉक्टरांच्या बोलण्यात जास्त आढळली. डॉक्टरच तिन्ही पर्याय एका तोलाने मांडत नव्हते. बोलणे सुधारल्यावर होकार देणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले.

पंधरा वर्षांनंतरचा निकाल २०२३ मध्ये आला. प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावलेले: देखरेखीच्या गटात ३.१ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात २.२, किरणोपचाराच्या गटात २.९. हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान. देखरेखीच्या गटात कर्करोग पसरण्याचे प्रमाण मात्र जवळपास दुप्पट, ९.४ टक्के होते, हेही लपवायचे कारण नाही. दुसऱ्या पारड्यात हे ठेवा: बारा वर्षांनंतर शस्त्रक्रियेच्या गटातले २४ टक्के पुरुष पॅड वापरत होते, देखरेखीच्या गटातले ११ टक्के. आपल्याकडे कर्करोग हाडांत पोचल्यावरच डॉक्टरांकडे येणारे पुष्कळ असतात. त्यांना हे निष्कर्ष लागू नाहीत. पण वार्षिक ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये पीएसए थोडे वाढलेले निघाले म्हणून घाबरून शस्त्रक्रियेची तारीख घेणाऱ्या साठीच्या गृहस्थांना ते तंतोतंत लागू आहेत.

पुराव्याच्या याच प्रश्नासाठी आता आयुष्याच्या दुसऱ्या टोकाकडे, बालपणाकडे यावे, जिथे कापायचे काही नाही आणि विकायचेही फारसे काही नाही.

साधारण अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकाच्या जनुकांत असा बिघाड असतो, की यकृताला रक्तातला एलडीएल हा कोलेस्टेरॉलवाहक कण पुरेसा उचलता येत नाही. फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया हे त्याचे लांबलचक नाव. डॉक्टर ‘एफएच’ म्हणतात. आईला किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. कोलेस्टेरॉल जन्मापासून चढलेले, पण मूल धडधाकट, खेळते, बारीकसुद्धा. खाण्यापिण्याशी याचा संबंध थोडा. उपचार न मिळाल्यास अशा पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या ११ कोटी २४ लाखांना हेच प्रमाण लावले, तर आकडा किमान पावणेचार लाखांच्या घरात जातो. त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नाही.

आई आणि वडील दोघांकडूनही बिघाड आला तर चित्र फार भीषण असते. कोपरांवर, गुडघ्यांवर पिवळसर गाठी येतात आणि शाळकरी वयात हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. असे मूल लाखांत एखादे, पण जिथे मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्ने ठरतात तिथे त्याची शक्यता वाढते. अशाच मुलांना पाहून मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन तरुण डॉक्टरांनी डॅलसमध्ये शोध सुरू केला. १९७३-७४ मध्ये त्यांनी रुग्णांच्या त्वचेतल्या पेशी वाढवून दाखवून दिले, की एलडीएलला पकडून आत घेणारा ग्राहकच या पेशींवर नाही. १९८५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी पिट्सबर्गमध्ये या आजाराच्या सहा वर्षांच्या मुलीला नवे हृदय आणि नवे यकृत एकाच वेळी बसवण्यात आले. तिचे कोलेस्टेरॉल धाडकन खाली आले. गोम यकृतात आहे याचा इतका ढळढळीत दाखला दुसरा नाही.

मग आली पीसीएसके९ या जनुकाची गोष्ट. २००३ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी या जनुकातला बिघाड कोलेस्टेरॉल वाढवतो असे दाखवले. डॅलसच्या हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा विचार केला: हेच जनुक निकामी असलेली माणसे कशी असतील? आफ्रिकी वंशाच्या काही अमेरिकनांमध्ये ती सापडली. त्यांचे एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होते, पण हृदयविकार तब्बल ८८ टक्क्यांनी कमी. पन्नाशीत औषध सुरू करून एलडीएल तेवढेच उतरवले तर इतका फायदा मिळत नाही. फरक पडतो तो काळाचा. रक्तवाहिनीला एलडीएल किती, यापेक्षा किती वर्षे, याचा हिशेब लागतो. गर्भधारणेच्या क्षणी निसर्गानेच चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले आणि प्रयोग आयुष्यभर चालवला. कुठल्याही कंपनीला किंवा विद्यापीठाला असा प्रयोग परवडणार नाही.

अॅमस्टरडॅमची मुले याच हिशेबाची दुसरी बाजू दाखवतात. १९९७ ते १९९९ मध्ये एफएच असलेली २१४ मुले स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाच्या चाचणीत घेतली होती. वीस वर्षांनी, २०१९ मध्ये त्यांचा हिशेब लागला. ३९ व्या वर्षापर्यंत त्यांच्यातल्या फक्त १ टक्क्याला हृदयरोगाने गाठले होते. त्यांच्याच आजारी आईवडिलांमध्ये त्या वयात हे प्रमाण २६ टक्के होते. ही चिठ्ठ्यांची तुलना नाही. आईवडिलांची पिढी जास्त धूम्रपान करणारी होती, काळही वेगळा होता. पण सव्वीस आणि एक यांतला एवढा फरक तेवढ्याने भरून निघत नाही.

असे असूनही अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने जुलै २०२३ मध्ये मुलांच्या कोलेस्टेरॉल चाचणीबद्दल ‘पुरावा अपुरा’ असाच शेरा दिला. बालपणी तपासलेल्या आणि न तपासलेल्या मुलांचे प्रौढपणी काय झाले, हे थेट दाखवणारी चाचणी झालेली नाही, हा त्यांचा मुद्दा. नियमाप्रमाणे तो बरोबर आहे. पण ती चाचणी चाळीस वर्षे चालेल, आणि एका गटातल्या आजारी मुलांना चाळीस वर्षे औषधाविना ठेवावे लागेल. कुठली नैतिक समिती त्यावर सही करील? रोबोटची चाचणी २००१ मध्ये सहज करता आली असती. निकाल दोन वर्षांत लागला असता. तिथे कुणी हटकले नाही, यंत्र आधी आले आणि चाचणी मागाहून. जिथे चाचणी शक्य होती तिथे ती वैकल्पिक मानली, आणि जिथे ती अशक्य आहे तिथे तिच्यावाचून अडून बसायचे, हा पुराव्याचा आदर नव्हे. किमान हिशेबाची वही दोन्हीकडे एकच असावी.

सरसकट तपासणीच्या विरोधातली खरी कारणे वेगळी आहेत आणि ती हलकी नाहीत. निरोगी दिसणाऱ्या मुलावर रोगाचा शिक्का बसतो. जनुकांच्या अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ अशा नोंदी येतात आणि घरचे वर्षभर जीव टांगणीला लावून बसतात. आपल्याकडे त्यात मुलीच्या लग्नाची भर. ‘घराण्यात हृदयाचा दोष आहे’ हे वाक्य चारचौघांत गेले की स्थळे कशी फिरतात, हे समुपदेशकाला पुस्तकातून शिकवता येत नाही. शिवाय मेळघाटात कुपोषणाची मोजदाद चालू असताना कोलेस्टेरॉल मोजायला निघणे कुणालाही विक्षिप्त वाटेल.

पण काही देशांनी वाट काढली. स्लोव्हेनियात १९९५ पासून शाळेत जाण्याआधीच्या तपासणीत कोलेस्टेरॉल बघतात. नेदरलँड्सने १९९४ पासून वीस वर्षे एका रुग्णावरून त्याच्या नातेवाइकांपर्यंत पोचण्याची मोहीम चालवली आणि पंचवीस हजारांहून अधिक माणसे शोधली. इंग्लंडमध्ये डेव्हिड वाल्ड यांच्या चमूने लसीकरणाला आलेल्या वर्ष-दोन वर्षांच्या १०,०९५ बाळांच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला. ज्या बाळात दोष निघाला त्याच्या आईवडिलांची तपासणी केली. ४० बाळे सापडली आणि ४० पालकही. यात बाळापेक्षा तिशीतल्या बापाला आधी फायदा होतो, ही या कल्पनेतली गंमत. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असतो, म्हणजे असे वय आणि अशी भेट तयारच आहे.

भारतात मुलांची जनुकीय आजारांसाठी तपासणी होऊ शकत नाही, असे म्हणायला जागा नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलसाठी ती होते, आणि २०२३ पासून देशपातळीवर त्याचे अभियान सुरू आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच महाराष्ट्रात, पालघरला झाली. त्याची पथके अंगणवाडीत आणि शाळेत जातात, जन्मजात हृदयदोष शोधतात, संधिज्वराने हृदयाच्या झडपांना झालेली इजा शोधतात. मूळ यादीतल्या तीस व्याधींत एफएच नाही. इकडे २०२२ पासून एफएच रुग्णांच्या यकृतातले पीसीएसके९ जनुक कायमचे बंद करण्याचे मानवी प्रयोग न्यूझीलंडमधून सुरू झाले. त्याच्या बातम्या पहिल्या पानावर आल्या, भांडवलही आले. जेनेरिक स्टॅटिनची गोळी काही रुपयांत मिळते, त्यामुळे तिच्यासाठी कुणी पत्रकार परिषद बोलावत नाही.

सरसकट तपासणी आज झेपणारी नसली तरी एक लहान सुरुवात हाताशी आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टीचे पैसे सरकार भरते. चाळिशीच्या आतला रुग्ण कॅथलॅबमधून बाहेर येतो, तेव्हा त्याचे एलडीएल आणि टाचेमागच्या स्नायूबंधावरची गाठ पाहायला दोन मिनिटे लागतात. संशय आला तर त्याच्या मुलांची आणि भावंडांची एक साधी रक्ततपासणी त्याच प्रकरणात मंजूर करता येईल. जनुकचाचणी नंतर, लागली तर. ज्या मुलात दोष निघेल त्याला आठ-दहा वर्षांच्या वयापासून गोळी द्यायची, मुलगी असेल तर गरोदरपणाआधी ती थांबवायची, आणि हे सगळे वर्षानुवर्षे पाहणारा माणूस जिल्हा रुग्णालयात हवा. तो आज बहुतेक ठिकाणी नाही. बालरोगतज्ज्ञ कोलेस्टेरॉलला मोठ्यांचा विषय समजतात आणि हृदयरोगतज्ज्ञांकडे मुले येत नाहीत. एका रोबोटच्या किमतीत अशी किती पदे भरता येतील, हा हिशेब वित्त विभागाला अवघड नाही.